कंपनीची खूण अन् माझी रेघ

१७ फेब्रु., सोम.

शोभाताईची जीप वापस आली. अठ्ठावीस दिवसांत. मी स्वतः बांधलेलं इंजिन महिन्याच्या आत दारात उभं राहायची ही पहिली वेळ.

शोभाताई म्हंजे नांदूरघाटची आचारीण. हजार-हजार पान उठवते, भांडीकुंडी जीपमधी घालून स्वतः चालवत नेते. उतरली ती कमरेवर हात ठेवूनच. "मिस्त्री, मांजरसुंब्याच्या घाटात खाली उतरून मला पाणी वतावं लागलं. ओढत न्हाई, तापती, अन् वरून ठोकती. काय बांधलं तुमी?"

चालू केली. कान लावला. मस्त, खणखणीत. जशी लावून दिलती तशी.

म्हणलं, "ताई, ह्यात काय न्हाई. मागं तुमची भांडी वाजत असतील."

बाईनं एक न दोन, सगळी भांडी खाली उतरवली. पातेली, पराती, झारे, दोन शेगड्या. ग्यारेजचा मांडव झाला. मग दोघं चक्कर मारून आलो.

"आता?"

"आता काय? चांगली चाललीय की."

"हे ऐकू येत न्हाई तुमाला? तापल्या तेलात मोहरी पडल्यावाणी? तडतड तडतड?"

न्हाई आलं. पण ठिवून जा म्हणलं. येत्या रविवारी बीडला तिचा साखरपुडा हाय (तिचा म्हंजे तिच्या गिऱ्हाइकाचा), चारशे पान. त्याच्या आत पाहिजे म्हणली. भांडी इथंच सोडून गेली. आता झाऱ्यावर पाय पडतोय.

१८ फेब्रु., मंगळ.

दिवसभर शोभाताईची गाडी. वॉल्व्हची फट बघितली, बरोबर. नोजल काढून तपासले, चारी बरोबर. पाण्याचा पंप, जाळी, पट्टा, सगळं बरोबर. इंजिनात कायबी खोट न्हाई.

राहिलं फक्त टायमिंग. त्याला हात लावला न्हाई. कावून लावू? ते मी कानानं लावलंय. केजमधी मला वैजनाथ म्हणून कुणी ओळखत न्हाई, कानवाला मिस्त्री म्हणा, पोरगं बी दुकान दाखवंल. इंजिन चालू ठिवायचं, डिझेल पंपाचे तीन बोल्ट ढिले करायचे, पंप केसभर इकडं केसभर तिकडं. लवकर डिझेल पडलं की इंजिन ठोकतं, उशिरा पडलं की धूर टाकतं अन् दम सोडतं. मधी एक जागा असते, तिथं आवाज खणकतो. तिथं बोल्ट आवळायचे अन् छन्नीनं पंपावर अन् टोपणावर मिळून एक रेघ मारायची, खाली सालाचे दोन आकडे. ती माझी रेघ. कंपनीची खूण शेजारीच असते, पण चेन घासली, इंजिन जुनं झालं की तिच्यात काय राम राहत न्हाई. म्हणून माझी रेघ. पंप कुठंबी खोलू द्या, बसवताना मिस्त्री लोक माझीच रेघ जुळवतेत.

शोभाताईच्या पंपावर माझी रेघ जिथल्या तिथं हाय. हलली न्हाई.

मग बाईला काय ऐकू येतंय?

१९ फेब्रु., बुध.

शिवजयंतीच्या मिरवणुकीमुळं रस्ता बंद, ग्यारेज बंद. सकाळपासून ढोल. छातीत बसतोय एकेक ठोका. मनाशी म्हणलं, कान ठणठणीत हाय, बाईलाच भ्रम झालाय.

दुपारी बायको, मंदा, वरणाला फोडणी घालत होती. मी उंबऱ्यात बसून पेपर बघत होतो. सहज तिकडं बघितलं. कढईत मोहरी उड्या मारत होती. दाणे काठाबाहेर येऊन पडत होते. ती पदर धरून मागं सरकली.

आवाज न्हाई.

उठून गॅसपाशी गेलो. शेगडीचा निळा जाळ दिसतो, मोहरी उडताना दिसते, आवाज न्हाई. म्हणलं, "अजून एक चमचा टाक."

"आं?"

"मोहरी टाक अजून."

"येड लागलं का काय? वरण कडू करायचंय?"

तरी टाकली. कान कढईपाशी नेला. तेलाचा एक थेंब गालाला चटका देऊन गेला. तो कळला. आवाज न्हाई. मंदाला विचारलं, लई वाजतंय का? ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग गॅस बंद केला अन् म्हणली, "दोन वर्षं झाली, दाराची कडी वाजली तरी तुमी उठत न्हाई. मला वाटायचं जाणूनबुजून."

ढोल ऐकू येतो. मंदा ऐकू येते. मोहरी न्हाई. हे कसलं बहिरेपण? वरण लई कडू झालं. दोघांनी तसंच खाल्लं.

२० फेब्रु., गुरु.

रात्रभर एकच इचार. मला जर तडतड ऐकूच येत न्हाई, तर मी पंप फिरवताना थांबतो कुठं?

ट्रंकेतून जुनी वही काढली. अंबाजोगाईला रहीमचाचांच्या हाताखाली होतो तेव्हाची. पहिल्याच पानावर थेंबाची रीत लिहिलेली, खाली माझ्याच अक्षरात "येळखाऊ". चाचा प्रत्येक गाडीला आधी थेंब लावायचे. "बैज्या, पहले बूंद देख, फिर कान लगा." मी हसायचो. माझा कान चाचांपेक्षा तेज होता, ते स्वतः म्हणायचे. चाचा जाऊन किती वर्षं झाली. थेंब मी त्यांच्या माघारी एकदा बी लावला न्हाई.

आज लावला. एक नंबरचा पाइप काढला, आतला वॉल्व्ह काढला, वाकडी नळी बसवली. वरून बाटलीनं डिझेल सोडलं. नळीतून धार. आता इंजिन हातानं हळूहळू फिरवायचं. एक नंबरचा पिस्टन वर येत गेला की धारेचा थेंब होतो, मग थेंबांत अंतर पडतं, मग थेंब थांबतो. थांबला तोच क्षण. तिथं पंप डिझेल दाबायला लागतो. मग खाली फ्लायव्हीलच्या खिडकीतून बघायचं, चाकावरची खूण (ही वेगळी, पंपावरची न्हाई) कुठं हाय.

दोन माणसं लागतेत. मंदाला बोलावलं. पदर खोचून आली, मोठा पाना धरला.

"कुणीकडं?"

"तुझ्याकडं वढ. हळू. अजून हळू. कणीक तिंबतीस का?"

"नीट बोला, न्हाईतर तुमीच वढा अन् तुमीच बघा."

पहिल्यांदा सगळंच चुकलं, पिस्टन वर होता पण दाबाच्या फेऱ्यात नव्हता. पुन्हा एक पूर्ण चक्कर. मग जमलं. थेंब... थेंब... थेंब. थांबला. "बस!"

टॉर्च घेऊन खाली वाकलो. खूण खिडकीत आलीच न्हाई अजून. लई लांब.

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. तिन्ही वेळा तेच. डिझेल लई लवकर पडतंय. मी लावलंय.

मंदा म्हणली, "मशीन बिघडलं असंल." तिनं हात पुसले अन् पाना जागेवर ठिवला. तिला कळलं होतं.

२१ फेब्रु., शुक्र.

थेंबावर लावलं. खूण खिडकीच्या मधोमध, चाचा असते तर पाठीवर मारली असती.

पंपावर पट्टी धरली. माझी रेघ अन् कंपनीची खूण ह्यांच्यात चार मिलिमीटर. अन् बरोबर जागा कुठं निघाली? कंपनीच्या खुणेवर. जिच्यात राम न्हाई म्हणत आलो तिच्यावर.

चालू केली. मेल्यासारखी. ना खणक, ना काय. गोधडीत गुंडाळून ठिवल्यावाणी. हात आपोआप पाना घेऊन पंपाकडं गेला. थोडं लवकर करावं वाटलं. फक्त केसभर. मंदानं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या. मला गोड वाटतंय."

तेव्हा कळलं मी काय करत आलो ते. मला आठवणीत असलेला खणक पाहिजे असतो. कान थोडा गेला, खणक कमी झाला, मी पंप थोडा लवकर केला, खणक आला. कान अजून गेला, अजून लवकर केला. मी इंजिनाला माझ्या कानात येस्तोवर ओरडायला लावत होतो.

लई वाईट वाटलं. पण एक खरं लिहितो, वाईट वाटायच्या आधी मजा वाटली. तीस वर्षांत एवढं नवीन काय कळलं नव्हतं.

मग प्रयोग. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर. थोडं कायतरी येतं. मूठ दातात धरली, अजून येतं. ऐकू येतं का नुसतं जाणवतं, सांगता येत न्हाई. मंदा दारात उभी राहून हसायला लागली. "आता दातवाला मिस्त्री म्हणतील."

२२ फेब्रु., शनि.

शोभाताई आली. किल्ली तिच्या हातात दिली. मला जी गाडी मेलेली वाटतेय ती मी चांगली म्हणून देतोय. आयुष्यात असं केलं न्हाई.

बाईनं चालू केली. डोळे मिटले. फोडणी बघताना करत असंल तसं. "थांबली की मोहरी! काय झालतं?"

"टायमिंग."

"ते तर तुमीच लावलतं ना कानानं?"

"हो."

एवढंच. ती पुढं काय विचारते म्हणून वाट बघत होतो. भांडी भरायच्या घाईत होती. एक झारा मला देऊन गेली. इथं दहा झारे बघून तुमाला आवड लागली असंल म्हणली.

२३ फेब्रु., रवि.

अकराला फोन. "मिस्त्री, घाट चढले. वरती उभी हाय. पाणी गार. माघारी येताना बुंदी देते." पाठीमागं भांड्यांचा आवाज. तो आला ऐकू.

मला आनंद व्हायला पाहिजे. झाला. पण दुपारपासून एकच डोक्यात. शोभाताईची रेघ चार मिलिमीटर चुकली. बाकीच्यांची?

२६ फेब्रु., बुध. महाशिवरात्र

परळी. मंदा दर्शनाच्या रांगेत, मी म्हणलं मी गाड्यांपाशी थांबतो. देवा, माफ कर.

चारी तालुक्यांच्या जीपा एका मैदानात. ह्याच जातीच्या इंजिनाच्या. खिशात स्टीलची पट्टी, अन् उपाशी पोट. जो ड्रायव्हर ओळखीचा दिसला त्याला "बॉनेट उघड जरा, सहज बघतो." सगळे खूश. मिस्त्री आपल्याहून बघतोय म्हणून एकानं केळं दिलं.

सहा गाड्यांवर माझी रेघ सापडली. लिहून ठिवतो. कंपनीच्या खुणेपासून अंतर, मिलिमीटरमधी :

१४ साल – खुणेवर.
१६ – खुणेवर.
१९ – एक.
२० – एक.
२२ – दोन.
२३ – अडीच, पावणेतीन.
अन् शोभाताई, २५ – चार.

सरकलेल्या सगळ्या एकाच बाजूला, लवकरकडं. चेन घासली म्हणून रेघ सरकली असती तर गाडीगणिक कमीजास्त असती. इथं सालागणिक वाढत गेलीय. इंजिनं न्हाई सरकली, मीच सरकत गेलो. मैदानात जीपांच्या मधी बसून वहीत हे मांडलं. कुणी आपला कान एवढा नीट मोजला नसंल.

२३ वाल्या ड्रायव्हरला विचारलं, ठोकती का रे? "ठोकती थोडी, पण तुमची रेघ हाय म्हणल्यावर मी काय बोललो न्हाई."

त्याला म्हणलं सोमवारी केजला आण, दुसरीकडं जाऊ नको. २२ वाल्याला बी म्हणलं. कारण सांगितलं न्हाई.

मंदा प्रसाद घेऊन आली. "कितींचं दर्शन झालं तुमाला?" "सहांचं."

२७ फेब्रु., गुरु.

बालाजी.

कालपासून हे नाव लिहायचं टाळतोय. तेलगावच्या शेषरावांची पांढरी जीप, तिचा ड्रायव्हर. मागच्या दिवाळीत मी टायमिंग लावलं, दोन दिवसांत हा आला. "उस्ताद, आवाज येतोय." मी चालू करून बघितली, मला काय आला न्हाई. ग्यारेजपुढच्या टपरीवर दहा माणसं होती. म्हणलं, "आधी कान तपासून घे बे. मी लावलेली गाडी ठोकत न्हाई." सगळे हसले. मीच हसवलं.

महिन्यानं त्या जीपचं हेड गेलं, एक पिस्टन फुटला. शेषरावांचा फोन आला, मिस्त्री कशानं झालं? मी केजमधी बसल्या जाग्याहून, गाडी न बघता सांगितलं, "ड्रायव्हर पाणी बघत न्हाई." त्यांनी बालाजीला काढून टाकलं. आठ वर्षं त्या गाडीवर होता.

आता कुणाच्या तरी उसाच्या ट्रॅक्टरवर हाय म्हणतेत.

४ मार्च, मंगळ.

अंबाजोगाई, सरकारी दवाखाना. मंदानं हट्टच धरला. एका खोक्यावाणी खोलीत बसवलं, कानावर डबे लावले, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला पटापट दाबलं. मग नुसता बसून राहिलो. काचेतून त्या पोरीच्या तोंडाकडं बघत होतो. ती काहीतरी फिरवत होती, मी बटण दाबत नव्हतो. लई येळ तसंच चाललं.

बाहेर आल्यावर कागद दिला. डावीकडून रेघ सपाट येते अन् उजवीकडं खाली पडते. बारीक आवाज गेलेत, मोठे शाबूत हायेत. मशीनजवळ काम करणाऱ्यांचं असंच असतं म्हणली, हळूहळू होतं, ज्याचं त्याला कळत न्हाई.

मी माझी वही काढली, परळीची. "हे बघा, हे बी तेच हाय." तिला वाटलं हिशोब हाय. समजावून सांगितलं तेव्हा खुर्ची ओढून बसली. मागं दहा माणसं खोळंबली. म्हणली, "काका, आमच्याकडं माणूस एकदाच येतो. आधीचं काही कळत न्हाई आम्हाला. तुमच्याकडं अकरा वर्षांचं आहे."

विचारलं, इंजिनाचा ठोका ह्या कागदावर कुठं येतो? तिला माहीत न्हाई. बघून सांगते म्हणली.

गेलेलं वापस येत न्हाई. यंत्र लावता येतं. त्यानं इंजिन ऐकू येईल का? "बोलणं येईल. इंजिनाचं लावून बघावं लागेल." बरं. लावून बघू.

६ मार्च, गुरु.

तेलगावला गेलतो. शेषरावांना म्हणलं, इकडनं चाललो होतो. ते आत पाणी सांगायला गेले, मी बॉनेट उघडलं.

ह्या गाडीवर माझ्या दोन रेघा. एकीखाली २१, एकीखाली २४.

२४ ची : साडेतीन. माझ्या यादीत बसते तशीच.

२१ ची : कंपनीच्या खुणेवर. अगदी वर.

हे बसत न्हाई. २० ला एक, २२ ला दोन, मग मधीच २१ ला शून्य कसं? पट्टी फिरवून फिरवून मोजलं. गाडीला टेकून उभा राहिलो अन् मग आठवलं. २१ ला बालाजी टॉर्च धरून शेजारी उभा होता. मी पंप फिरवतोय अन् हा मधीच म्हणला, "बस, उस्ताद. इथंच ऱ्हाऊ द्या." मी ओरडलो होतो, तू मला शिकवतो का बे म्हणून. पण जेवायची येळ झालती. तिथंच आवळलं. २४ ला त्याला म्हणलं टॉर्च ठिव अन् तिकडं जाऊन उभा ऱ्हा.

अन् दुसरी गोष्ट, ही जास्त वाईट. हेड गेल्यावर गाडी दुसऱ्या ग्यारेजला बांधली. तिथल्या मिस्त्रीनं पंप बसवताना कंपनीची खूण सोडली अन् माझी २४ ची रेघ जुळवली. इमानदारीनं. गाडी आज बी चुकीच्याच टायमिंगवर पळतेय. नवा ड्रायव्हर बी म्हणतो तापती.

शेषराव चहा घेऊन आले. "काय म्हणते गाडी?"

"बरी हाय," म्हणलं. चहा पिऊन निघालो.

भित्रा हाय मी.

८ मार्च, शनि.

मंदाला सगळं सांगितलं. बालाजीचं बी. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणली, "म्हंजे त्याचे कान चांगले व्हते."

"हो."

"अन् तुमचे न्हाई."

"हो की. तेच सांगतोय."

"मला कावून सांगताय? शेषरावाला सांगा."

म्हणलं, शेषरावांना सांगितलं की तेलगाव ते बीड सगळ्यांना कळंल. कानवाला मिस्त्री बहिरा हाय. मग कोण गाडी आणंल? माझ्याकडं दुसरं काय हाय? रेघेचं नाव हाय एवढंच.

ती म्हणली, "तुमचं नाव ऱ्हावं म्हणून त्याचं गेलेलं तसंच ऱ्हाऊ द्यायचं का?"

मेथी निवडायला बसलो. देठं टाकायची सोडून पानं टाकली.

१० मार्च, सोम.

सांगितलं.

ओसरीवर शेषराव, त्यांचा भाऊ, नवा ड्रायव्हर. एकट्याला गाठून सांगायचं ठरवलं होतं, पण म्हणलं टपरीवर दहाजणांत बोललो होतो, आता तिघं तर असू द्या. कागद दाखवला, वही दाखवली. "हेड माझ्यामुळं गेलं. पाणी बरोबर होतं. बालाजी मला सांगायला आलता."

भाऊ कागद उलटा धरून बघत होता.

शेषराव म्हणले, "मी त्याला तुमच्या एका शब्दावर काढलं, मिस्त्री."

"म्हणूनच आलो."

"मग आता तुमच्याकडं कुणी कशाला यायचं?"

"थेंबावर लावून देतो. येळ लागतो, पण चुकत न्हाई. उद्यापासून जेवढ्या माझ्या रेघा बाहेर हायेत तेवढ्या बोलावतोय." ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. गेलं ते बरं झालं.

गाडी पाठवतो म्हणले. मी विचारलं, बालाजीचं काय? "तो आता माझ्या दारात येईल का, मला ठाऊक न्हाई." त्याचा नंबर दिला.

फोन लावला. ट्रॅक्टरवरच होता, मागं इंजिन. सगळं बोललो, न थांबता. मग म्हणला, "बघतो." अन् ठिवला.

११ मार्च, मंगळ.

आज दोन गाड्या थेंबावर लावल्या, २३ वाली अन् २२ वाली, सांगितलेल्या सोमवारच्या आठ दिवस उशिरा आल्या. मंदा आता थेंब थांबायच्या आधीच हात थांबवते. मी बस म्हणायच्या आधी. विचारलं कसं कळतं? "हाताला जड लागतं." मला न्हाई लागत. बघायला पाहिजे हे.

टपरीवर बातमी आलीय. एकानं मुद्दाम लांबून हाक मारली, हळू आवाजात, मला ऐकू येते का बघायला. वळून म्हणलं, "ऐकू आलं रे, तू मोहरी न्हाईस." त्याला कळलं न्हाई. बाकीचे हसले. मला बी हसू आलं.

१२ मार्च, बुध.

पांढरी जीप सकाळीच आली. नवा ड्रायव्हर ठिवून गेला. थेंबावर लावली. खूण मधोमध. पंप बसला कंपनीच्या खुणेवर, म्हंजे माझ्या २१ च्या रेघेवर.

चारच्या सुमाराला बालाजी आला. मोटरसायकल रस्त्यावरच उभी केली. बसला न्हाई, चहा घेतला न्हाई. आधीपेक्षा वाळलाय. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणला, "फोनवर झालंय ते. गाडी चालू करा."

चालू केली. बोल्ट ढिले ठिवले होते, मुद्दाम. तो बॉनेटवर वाकला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो, इंजिनाकडं न्हाई. तिथं काय ऐकायचं राहिलं न्हाई माझं. मंदा दारात उभी.

लई येळ ऐकलं त्यानं. मग न विचारता पंपावर हात ठिवला अन् सरकवला. नखाच्या जाडीएवढा, उशिराकडं. पुन्हा ऐकलं. "हां."

मला तर दोन्ही सारखंच मेलेलं. गाडी बंद केली, पाइप काढला, त्याच्यासमोर पुन्हा थेंब लावला. खूण अजून खिडकीतच होती, रंगाच्या जाडीएवढी खाली. म्हंजे थेंबानं बी बरोबर अन् त्यानं बी. की तो थेंबापेक्षा बारीक ऐकतो? पाच-सहा गाड्या दोन्ही रीतीनं लावून बघितल्याशिवाय कळायचं न्हाई.

हे त्याला सांगितलं. म्हणलं, "थेंब मी बघतो. ऐकायला माणूस पाहिजे. साखर कारखाना बंद होत आलाय, तुझा ट्रॅक्टर उभा राहील. शेषरावांकडं जायचं तर जा, तुझा हक्क हाय तो. इथं यायचं तर ये."

त्यानं फडक्यानं हात पुसले.

मी बोल्ट आवळले. छन्नी अन् हातोडी त्याच्यापुढं धरली. "रेघ तू मार."

हातोडी घेतली न्हाई. छन्नी घेतली. बोटात फिरवून बघितली, टोक बघितलं. मग पंपावरच्या दोन्ही रेघांवरनं अंगठा फिरवला. २१ वर थांबला जरा.

"उद्या होळी हाय," म्हणला.

"मग परवा ये."

"बघतो."

मोटरसायकल चालू करून गेला. पांढरी जीप उभी हाय, रेघ मारायची राहिलीय. छन्नी त्याच्याच खिशात गेली.